तहज्जुद म्हणजे काय? रात्रीची ऐच्छिक नमाज कधी, कशी आणि किती पढतात?

मदिनेच्या मशिदीत दोन खांबांच्या मध्ये एक दोरी ताणून बांधलेली मोहम्मद पैगंबरांना दिसली. ही कशासाठी, असं त्यांनी विचारलं. दोरी जैनब यांची असल्याचं लोकांनी सांगितलं. नमाजेत उभं राहून दमल्या की त्या या दोरीचा आधार घेत. पैगंबरांनी ती दोरी सोडायला लावली. अंगात उत्साह आहे तोवर नमाज पढावी आणि थकल्यावर बसावं, असं त्यांनी सांगितलं.

'सहीह बुखारी' या हदीस संग्रहातली ही नोंद आहे. (हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी.) याच संग्रहात आणखी एक नोंद सापडते. स्वतः पैगंबर रात्रीच्या नमाजेत इतका वेळ उभे राहत की त्यांचे पाय सुजत. एवढा त्रास कशाला, असं विचारल्यावर आपण अल्लाहचे कृतज्ञ सेवक होऊ नये का, असं त्यांचं उत्तर होतं.

स्वतः पाय सुजेपर्यंत उभं राहणारा माणूस दुसऱ्याची दोरी मात्र सोडायला लावतो. तहज्जुद समजून घ्यायची तर ही विसंगती आधी लक्षात घ्यावी लागते. कारण ही नमाज कशी पढायची याचे बरेचसे नियम ती माणसाला झेपेल इतकी हलकी राहावी, यासाठीच आहेत.

सक्तीची होती, मग ऐच्छिक झाली

मुस्लिमांवर दिवसातून पाच नमाजा बंधनकारक, म्हणजे 'फर्ज' आहेत. फजर, जोहर, असर, मगरीब आणि इशा. तहज्जुद त्यात येत नाही. ती 'नफ्ल', म्हणजे ऐच्छिक. पढली तर सवाब, म्हणजे पुण्य. नाही पढली तर गुन्हा नाही.

'तहज्जुद' हा शब्द कुरआनच्या १७व्या सूरेत, म्हणजे अध्यायात येतो. अरबीत त्याचं मूळ झोपेशी जोडलेलं आहे, आणि तहज्जुद म्हणजे झोप बाजूला सारून उठणं. 'कियामुल लैल' असाही एक शब्द कानावर येतो. तो जास्त व्यापक आहे. इशाच्या नमाजेनंतर रात्री कधीही केलेली उपासना त्यात बसते. बरेच उलेमा तहज्जुद हा शब्द झोपून उठल्यावर पढलेल्या नमाजेसाठीच वापरतात. त्यामुळे रात्रपाळीवरच्या वॉचमनने किंवा नर्सने न झोपता दोन वाजता नमाज पढली, तर ती या व्याख्येनुसार कियामुल लैल होईल. सवाब दोन्हींत आहेच. नावावरून फार वाद घालण्यात अर्थ नाही.

सुरुवातीला मात्र ही नमाज ऐच्छिक नव्हती. कुरआनच्या ७३व्या सूरेच्या, म्हणजे 'अल-मुज्जम्मिल'च्या आरंभी रात्रीचा मोठा भाग उभं राहून घालवण्याचा आदेश आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या सांगण्यानुसार पैगंबर आणि त्यांचे सोबती जवळपास वर्षभर तसं करत होते. नंतर त्याच सूरेची शेवटची, म्हणजे २०वी आयत उतरली आणि सक्ती गेली. या आयतीत सवलतीची कारणंही आहेत. काही लोक आजारी असतील, काही पोटापाण्यासाठी प्रवासात असतील, काही लढाईवर असतील. म्हणून जेवढं सहज जमेल तेवढंच पढावं, असा तिचा आशय आहे.

आजारपण आणि पोटापाणी. रात्री उठणं न जमण्याची आजचीही मुख्य कारणं हीच आहेत.

वेळ कशी काढायची?

इशाची नमाज झाल्यापासून फजरची वेळ सुरू होईपर्यंत ही नमाज पढता येते. त्यातही रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा सर्वांत उत्तम मानला जातो. या वेळी अल्लाह आपल्या बंद्यांच्या सर्वांत जवळ असतो आणि मागणाऱ्याचं ऐकतो, अशी श्रद्धा आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमुख संग्रहांत तशी हदीस आहे.

हा तिसरा हिस्सा काढताना अनेकांची एक चूक होते. इथे रात्र सूर्यास्ताला सुरू होते आणि फजरची वेळ लागताच संपते. सूर्योदयापर्यंत मोजलं तर हिशेब चुकतो, कारण फजरची वेळ सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी लागते.

मुंबईचं उदाहरण घेऊ. डिसेंबरच्या अखेरीस सूर्यास्त संध्याकाळी सुमारे ६.१० ला होतो आणि फजर पहाटे सुमारे ५.५० ला लागते. म्हणजे रात्र ११ तास ४० मिनिटांची. तिचा तिसरा भाग ३ तास ५३ मिनिटांचा. तो फजरमधून वजा केला की शेवटचा हिस्सा रात्री १.५७ च्या सुमारास सुरू होतो. जूनच्या अखेरीस सूर्यास्त ७.२० आणि फजर ४.४०, म्हणजे रात्र ९ तास २० मिनिटांची. तेव्हा शेवटचा हिस्सा साधारण १.३३ ला लागतो. गावागणिक आणि वेळापत्रकागणिक यात काही मिनिटांचा फरक पडतो.

याचा अर्थ दीड वाजता उठलंच पाहिजे असा नाही. फजरच्या अर्धा-पाऊण तास आधी उठलं तरी माणूस त्याच हिस्स्यात असतो. नोकरी-शाळा असलेल्या घरांत हेच जास्त जमण्यासारखं आहे. फजरची वेळ लागली की तहज्जुदची वेळ संपते. रमजानमध्ये सहेरी संपण्याचं जे घड्याळ, तेच इथलं घड्याळ.

पहाटेचं नामस्मरण मराठी वाचकाला नवं नाही. पण काकडआरतीला घंटा वाजते, माणसं जमतात. तहज्जुदसाठी अजान होत नाही, मशिदीतून बोलावणं येत नाही. मोबाइलचा अलार्म लावायचा आणि आपलं आपण उठायचं. पैगंबरांच्या काळी मदिनेत बिलाल हे फजरच्या आधी, रात्र असतानाच एक अजान देत, म्हणजे झोपलेल्यांनी उठावं आणि नमाज पढणाऱ्यांनी आवरतं घ्यावं. मक्का आणि मदिनेच्या मुख्य मशिदींत पहाटे दोन अजान देण्याची ती पद्धत आजही आहे.

नमाज कशी पढतात?

तहज्जुदची कृती इतर नमाजेसारखीच आहे. वेगळे मंत्र, वेगळी आसनं असं काही नाही. ज्याला दोन रकात फजरची सुन्नत पढता येते, त्याला तहज्जुद येतेच.

उठल्यावर आधी दात घासणं, तोंड स्वच्छ करणं. पैगंबर रात्री उठले की मिस्वाक करत, अशी नोंद आहे. मग वुजू, म्हणजे हात, तोंड, चेहरा, कोपरापर्यंत बाहू धुणं, डोक्यावरून ओला हात फिरवणं आणि पाय धुणं. स्वच्छ कपडे, स्वच्छ जागा आणि तोंड मक्केतल्या काबागृहाकडे. महाराष्ट्रातून ही दिशा पश्चिम आणि किंचित उत्तर अशी येते.

नियत मनातली असते. दोन रकात नफ्ल नमाज अल्लाहसाठी पढतो आहे, एवढं मनात असलं की पुरे. लांबलचक अरबी वाक्य पाठ नाही म्हणून तहज्जुद अडत नाही.

'अल्लाहु अकबर' म्हणत हात वर नेऊन बांधायचे की नमाज सुरू होते. सुरुवातीची छोटी स्तुती, मग सूरे फातिहा आणि तिच्यानंतर कुरआनचा आणखी एखादा भाग. त्यानंतर रुकू, म्हणजे गुडघ्यांवर हात ठेवून वाकणं. सरळ उभं राहून मग कपाळ जमिनीला टेकवून सजदा, क्षणभर बसून दुसरा सजदा. ही झाली एक रकात. दुसरी रकात पुन्हा फातिहापासून. तिच्या शेवटी बसून अत्तहियात, दुरूद आणि दुआ, मग उजवीकडे आणि डावीकडे मान वळवून सलाम. दोन रकात पूर्ण.

सुरुवातीच्या दोन रकात छोट्या आणि हलक्या ठेवाव्यात, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. पेंगुळलेल्या माणसाला तेवढ्यात जाग येते, हा त्यातला व्यवहार. पुढच्या रकाती हव्या तितक्या लांबवता येतात. तहज्जुदची खरी श्रीमंती या लांबवण्यात आहे. फर्ज नमाजेत मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांचा, आजाऱ्यांचा विचार करून इमामाला आटोपशीर पढावं लागतं. इथे मागे कुणी नसतं. हुजैफा हे सोबती एका रात्री पैगंबरांच्या मागे उभे राहिले, तेव्हा एकाच रकातीत तीन मोठ्या सूरा पढून झाल्याचं त्यांनी सांगितलं आहे. आणि रुकू-सजदेही तसेच लांब.

पण एवढं पाठ नसेल तर? बुखारीत एक नोंद आहे. एक माणूस रात्रभर नमाजेत सूरे इख्लास पुन्हा पुन्हा पढत राहिला. ही सूरा फक्त चार छोट्या आयतींची आहे, लहान मुलांनाही येते. ऐकणाऱ्याला ते फारच थोडं वाटलं आणि त्यानं पैगंबरांना सांगितलं. पैगंबरांनी मात्र ही सूरा कुरआनच्या एक तृतीयांशाच्या तोडीची असल्याचं सांगितलं.

कुरआन हातात धरून, पाहून पढावं का यावर मतभेद आहेत. हनफी मतानुसार त्यानं नमाज तुटते, शाफई मतानुसार चालतं.

आवाज मध्यम ठेवायचा. हजरत अबू बक्र रात्री अगदी हळू पढत, तर हजरत उमर मोठ्यानं. पैगंबरांनी एकाला आवाज थोडा वाढवायला आणि दुसऱ्याला थोडा कमी करायला सांगितलं. शेजारी कुणी झोपलेलं असेल तर अर्थातच हळू. दोन खोल्यांच्या घरात हा मुद्दा छोटा नाही.

उभं राहणं जमत नसेल तर बसून पढता येतं. फर्ज नमाज बसून पढायला आजारपणासारखं सबळ कारण लागतं, नफ्लला लागत नाही. धडधाकट माणूस बसून पढला तर सवाब अर्धा, एवढाच फरक.

सलाम फिरवल्यानंतरची दुआ कुठल्याही भाषेत करता येते. नमाजेतलं पठण अरबीत असतं, पण हात उचलून मागणं मराठीत, उर्दूत, कोकणीत, ज्या भाषेत मन मोकळं होतं त्या भाषेत. सजद्यात असताना अरबीखेरीज दुसऱ्या भाषेत मागावं का, यावर मात्र उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. त्यामुळे अनेक जण मातृभाषेतली दुआ सलामनंतरच करतात.

किती रकात? आणि वित्रचं काय?

किमान दोन. त्यानंतर दोन-दोन करत वाढवत जायचं. रात्रीची नमाज दोन-दोनची आणि पहाट होईल असं वाटलं की एक पढून संख्या विषम करावी, अशी हदीस आहे. हनफी मतात चार-चारही चालतात. हजरत आयेशा यांच्या सांगण्यानुसार पैगंबर रमजान असो वा नसो, वित्र धरून ११ रकातींपेक्षा जास्त पढत नसत. इब्ने अब्बास यांच्या नोंदीत १३चा उल्लेख येतो. आपल्याकडे आठ रकात तहज्जुद आणि तीन वित्र हा हिशेब बराच रुळलेला आहे. पण आठ झाल्या नाहीत म्हणून दोन वाया जात नाहीत.

वित्र म्हणजे रात्रीची विषम संख्येची शेवटची नमाज. ज्याला पहाटे उठण्याची खात्री आहे त्यानं ती तहज्जुदनंतर पढावी. ज्याला खात्री नाही त्यानं इशानंतर झोपण्याआधीच उरकावी. वित्र पढून झोपल्यावर अचानक जाग आली तर? तरीही तहज्जुद पढता येते. वित्र मात्र पुन्हा पढायची नाही. एका रात्रीत दोन वित्र नसतात.

महाराष्ट्रात इथे एक गंमतीदार फरक दिसतो. कोकणातले बहुसंख्य कोकणी मुस्लिम शाफई मताचे आहेत, तर राज्याच्या इतर भागांत हनफी मत जास्त आहे. हनफींमध्ये वित्र 'वाजिब', म्हणजे जवळपास बंधनकारक. तीन रकात सलग, शेवटी एकच सलाम, आणि तिसऱ्या रकातीत रुकूच्या आधी वर्षभर दुआ-ए-कुनूत. शाफईंमध्ये वित्र ही महत्त्वाची सुन्नत आहे. तीन पढताना दोनवर सलाम फिरवून एक वेगळी पढण्याची रीत आहे आणि वित्रमधली कुनूत रमजानच्या दुसऱ्या पंधरवड्यात, रुकूनंतर. त्यामुळे रत्नागिरीची मुलगी लग्न होऊन औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेली तर पहाटे एकाच घरात वित्र दोन पद्धतींनी पढली जाऊ शकते. दोन्ही बरोबरच.

तरावीहचा याच्याशी काय संबंध?

तरावीह ही रमजानमधली रात्रीची नमाज, इशानंतर जमातीनं पढली जाणारी. तिची सुरुवातच 'हलकं ठेवा' या विचाराशी जोडलेली आहे. रमजानच्या एका रात्री पैगंबर मशिदीत नमाज पढू लागले आणि लोक मागे उभे राहिले. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री गर्दी वाढली. चौथ्या रात्री मशीद भरून गेली, पण पैगंबर बाहेरच आले नाहीत. सकाळी त्यांनी कारण सांगितलं. लोक जमल्याचं त्यांना माहीत होतं, पण ही नमाज बंधनकारक होईल आणि लोकांना झेपणार नाही, अशी भीती त्यांना वाटली होती.

पैगंबरांच्या निधनानंतर ती शक्यता उरली नाही. मग दुसरे खलिफा हजरत उमर यांनी विखरून पढणाऱ्यांना उबई बिन काब यांच्या मागे एकत्र केलं. तरावीह २० रकात की आठ, हा वाद आजही दर रमजानला डोकं वर काढतो. हनफी आणि शाफई मशिदींत २० पढतात, अहले हदीस मशिदींत आठ. मक्केच्या मशिदीत वर्षानुवर्षं २० होत्या, २०२०च्या करोना साथीपासून तिथे १० रकात आणि वित्र पढल्या जातात. तिथे रमजानच्या शेवटच्या १० रात्री उशिरा वेगळी जमातही होते.

रमजानचा एक व्यावहारिक फायदा आहे. सहेरीसाठी घर उठतंच. दहा मिनिटं आधी उठलं की दोन रकात होतात. अनेकांची पहिली तहज्जुद रमजानमधली असते ती याच कारणानं.

झोप, घर आणि फजर

रात्री उठण्याचा उत्साह कुठे थांबावा, यावर हदीसमध्ये बरंच काही आहे. सलमान फारसी आपले मित्र अबू दरदा यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी साध्या, दुर्लक्षित वेशात दिसल्या. विचारल्यावर त्यांनी सांगितलं की अबू दरदांना या जगातल्या कशातच रस उरलेला नाही. रात्री अबू दरदा नमाजेला उठू लागले, तर सलमाननी त्यांना झोपायला लावलं. पुन्हा उठले, पुन्हा झोपवलं. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी सलमान स्वतः म्हणाले, आता उठ. दोघांनी नमाज पढली. मग त्यांनी समजावलं की अल्लाहचा तुझ्यावर हक्क आहे, तसा तुझ्या शरीराचा आणि तुझ्या कुटुंबाचाही आहे. पैगंबरांनी सलमान यांचं म्हणणं योग्य ठरवलं.

झोप अनावर होत असेल तर झोपावं, असंही स्पष्ट सांगितलेलं आहे. कारण पेंगत असलेला माणूस क्षमा मागायला जाईल आणि तोंडून भलतंच निघेल.

आणि फजरचं काय? एका सकाळी हजरत उमर यांना फजरच्या जमातीत सुलेमान नावाचे एक गृहस्थ दिसले नाहीत. त्यांच्या आईनं सांगितलं की तो रात्रभर नमाज पढत होता, पहाटे डोळा लागला. उमर म्हणाले, रात्रभर उभं राहण्यापेक्षा फजरच्या जमातीत हजर राहणं आपल्याला जास्त प्रिय आहे. ऐच्छिक नमाजेपायी फर्ज नमाज चुकली तर तो हिशेब तोट्याचाच.

दाऊद पैगंबरांची पद्धत म्हणूनच वाखाणली गेली असावी. अर्धी रात्र झोप, मग एक तृतीयांश रात्र नमाज, आणि उरलेला सहावा हिस्सा पुन्हा झोप. प्रौढांना रोज किमान सात तास झोप हवी, असं डॉक्टर सांगतात. बारा वाजता मोबाइल ठेवणाऱ्याला तहज्जुद आणि सात तास झोप, दोन्ही मिळणं कठीण. इशानंतर उगाच गप्पा मारत बसणं पैगंबरांना आवडत नसे. लवकर झोपणं आणि दुपारची डुलकी, म्हणजे 'कैलूला', हे या उपासनेचंच अर्धं काम आहे.

मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रियांना कुठलीच नमाज नसते आणि ती नंतर भरूनही काढायची नसते. पण त्या वेळी उठून जिक्र आणि दुआ करायला काहीच आडकाठी नाही. तान्हं बाळ असलेल्या आईची रात्र आधीच तुकड्यांची असते. तिनं वेगळा अलार्म लावावा, अशी अपेक्षा कुणी धरू नये.

'तहज्जुद पढा, हवं ते मिळेल'?

गेल्या काही वर्षांत रील्स आणि शॉर्ट्समधून तहज्जुदची एक वेगळीच ओळख झाली आहे. ४० रात्री पढा, नोकरी लागेल. अमुक रात्री पढा, हव्या त्या व्यक्तीशी लग्न होईल. ४० रात्रींची अशी हमी ना कुरआनात आहे, ना बुखारी-मुस्लिमसारख्या संग्रहांत. दुआ ऐकली जाते, ही श्रद्धा नक्कीच आहे. पण मागितलेलं तसंच आणि तेव्हाच मिळतं असं नाही, हेही उलेमा तितकंच ठासून सांगतात. हदीसमध्ये भर आकड्यावर नसून सातत्यावर आहे. थोडं असलं तरी नेमानं केलेलं काम अल्लाहला जास्त आवडतं. अब्दुल्लाह बिन अम्र या तरुण सोबत्याला पैगंबरांनी बजावलं होतं की जो रात्री उठायचा आणि मग सोडून दिलं, त्या माणसासारखा होऊ नकोस. चाळीस रात्रींनंतर निराश होऊन सोडणाऱ्यापेक्षा आठवड्यातून दोन रात्री उठणारा या कसोटीवर पुढे आहे.

जाग आलीच नाही तर?

आजारपणामुळे किंवा झोप लागल्यामुळे पैगंबरांची रात्रीची नमाज राहिली, तर ते दिवसा १२ रकात पढत, असं हजरत आयेशा सांगतात. त्यावरून अनेक जण सूर्य थोडा वर आल्यापासून जोहरच्या आधीपर्यंतच्या वेळेत, दोन-दोन करत, राहिलेली नमाज पढतात. ही भरपाईसुद्धा ऐच्छिकच. वित्रची गोष्ट वेगळी आहे. ती राहून गेली तर हनफी मतानुसार नंतर पढावीच लागते, शाफई मतानुसार पढलेली चांगली.